गॉयडरची रेषा आणि फरीनाचे अवशेष

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडिलेडच्या उत्तरेला सुमारे ६५० किलोमीटरवर फरीना हे उजाड गाव आहे. इथे तंबू ठोकून राहणारे प्रवासी पडक्या दगडी भिंती पाहतात आणि वाळवंटाने गाव गिळले, असे मानून पुढे जातात. हा निष्कर्ष घाईचा आहे. या जमिनीने आपली मर्यादा आधीच दाखवून दिली होती. ती वाचलीही गेली होती, पण पाळली गेली नाही. १८६५च्या दुष्काळात सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज गॉयडर यांनी घोड्यावरून हा मुलूख पालथा घातला आणि पावसाच्या भरवशाची सीमा आखली. तिच्या पलीकडे सॉल्टबुश हे खुरटे, क्षारट झुडूप माजते; तिथे गहू पिकण्याची शाश्वती नाही. पुढे काही वर्षे पाऊस चांगला झाला, जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो हा समज बळावला आणि १८७४मध्ये सरकारने या रेषेचे बंधन उठवले. १८७८मध्ये फरीना वसले ते रेषेच्या बरेच उत्तरेला, गव्हाच्या आशेवर. १८८०च्या दशकातल्या दुष्काळांनी ती आशा मोडली.

यावर एक रास्त आक्षेप असा, की गाव लगेच उठले नाही. ते कित्येक दशके नांदले आणि रेल्वेचे महत्त्व गेल्यावर विझले. हे खरे आहे. १८८२मध्ये इथे रेल्वे पोहोचली आणि मालवाहतुकीवर गाव जगले. पण यातून मूळ मुद्दा पक्काच होतो. गावाला जमिनीने पोसले नाही, वाटेने पोसले. १८८४मध्ये रूळ पुढे मारीपर्यंत गेले, १९८०मध्ये इथून जाणारा घान या रेल्वेगाडीचा जुना मार्ग बंद झाला, आणि मागे उरतील असे शेतमळे इथे नव्हतेच.

मग या प्रदेशात माणूस राहूच शकत नाही का? तसेही नाही. फ्लिंडर्स पर्वतराजीच्या उत्तर भागातल्या वाराट्यी या शैलाश्रयात सुमारे ४९,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराचे पुरावे सापडले आहेत. १८६६मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीहून उंट आणि उंटवाले इथे आणले गेले. पुढे त्यांच्या तांड्यांनी दूरदूरच्या वस्त्यांना रसद पुरवली. जुना रेल्वेमार्गही भूगर्भातल्या पाण्याच्या झऱ्यांचा माग काढत गेला. पाण्याच्या मापाने चालणारे इथे टिकले. गॉयडरची रेषा पेरणीची मर्यादा सांगत होती. तिने माणसाला या मुलखाबाहेर घातले नव्हते.

म्हणून इथे मुक्कामाला जाणाऱ्याने भिंतींइतकेच झुडपांकडे, कोरड्या ओढ्यांच्या पात्रांकडे लक्ष द्यावे. प्यायचे पाणी बरोबर न्यावे. ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये, कारण दूरवरच्या पावसाने पात्र अचानक भरते. मोठ्या गम (निलगिरी) झाडांखालीही नको, त्यांच्या फांद्या वारा नसतानाही कोसळतात. पडलेल्या लाकडांत सरडे आणि कीटक राहतात, म्हणून ती जाळू नयेत. निसर्ग आधी काय सांगतो ते ऐकावे आणि मगच आपला बेत आखावा, हे भान फरीनाच्या वाटेवर प्रत्येकाने बाळगावे.