ईमॅक्सचे पॅकेज लिहिताना : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्यात कापलेला बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसतो, कारण दोघेही आट्यांचे एकच मानक पाळतात. ईमॅक्स हा मजकूर-संपादकही अशाच शिस्तीवर उभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांसमोर आला. त्यात ईलिस्प भाषेत कुणीही आपले पॅकेज लिहून जोडू शकतो. मात्र आपण लिहिलेले पॅकेज नांदते दुसऱ्याच्या घरात. म्हणूनच ईलिस्पच्या अधिकृत संदर्भपुस्तिकेत लेखनसंकेतांचे स्वतंत्र परिशिष्ट आहे. नव्याने लिहू लागलेल्या आपल्या मुलामुलींच्या मनात या संकेतांविषयी काही गैरसमज असतात.

गैरसमज १ : फंक्शनचे नाव सुटसुटीत असले की पुरे.
वस्तुस्थिती : एका पेठेत चार संभाजी असले, तर हाक मारताना आडनाव लावावेच लागते. ईलिस्पमध्ये सगळी पॅकेजेस नावांच्या एकाच अंगणात राहतात. दोन पॅकेजांनी एकाच नावाचे फंक्शन लिहिले, तर नंतर लोड झालेले आधीच्याला गुपचूप पुसून टाकते. त्यामुळे प्रत्येक फंक्शनच्या आणि जागतिक चलाच्या नावाआधी पॅकेजचे नाव आणि जोडरेघ हवी. अंतर्गत कामाच्या नावांत दोन जोडरेघा देतात. ‘यावर बाहेरून विसंबू नका, हे बदलू शकते’ असा त्याचा अर्थ.

गैरसमज २ : पॅकेज लोड होताच कामाला लागले पाहिजे.
वस्तुस्थिती : नुसत्या लोड होण्याने संपादकाचे वागणे बदलता कामा नये. काही वेळा मदतीची माहिती शोधतानाही ईमॅक्स एखादी फाइल लोड करतो. तेवढ्याने वापरणाऱ्याचा पडदा बदलला, तर दोष कुठे शोधायचा हे त्याला कळणारही नाही. सुविधा सुरू आणि बंद करण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी.

गैरसमज ३ : रिकामी दिसणारी कळ आपलीच.
वस्तुस्थिती : कंट्रोल-सी आणि त्यापुढे साधे इंग्रजी अक्षर, ही जोडी वापरणाऱ्यासाठी राखीव आहे. एफ-५ ते एफ-९ या कळाही त्याच्याच. मुख्य मोडने (म्हणजे फाइलच्या प्रकारानुसार लागू होणाऱ्या संपादन-पद्धतीने) कंट्रोल-सीपुढे अंक किंवा कंट्रोलसह दाबलेले अक्षर घ्यावे. दुसऱ्याने वर्षानुवर्षे हाताला लावलेली सवय आपण मोडू नये, एवढाच यामागचा हेतू.

गैरसमज ४ : ‘चालतंय की! मग इशारे कशाला वाचायचे?’
वस्तुस्थिती : आज चालणारे उद्या बिघडते ते बहुधा अशाच दुर्लक्षातून. ईलिस्पचे संकलन करणाऱ्या बाइट-कंपायलरचे इशारे चुकलेले चल आणि अस्तित्वात नसलेली फंक्शने दाखवून देतात. फाइलच्या पहिल्याच ओळीत लेक्सिकल-बाइंडिंग चालू असल्याची नोंद हवी. ही सोय २०१२ च्या २४.१ आवृत्तीपासून आहे. तिच्याविना एका फंक्शनचा स्थानिक चल त्याने बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनपर्यंत झिरपतो. फंक्शनच्या वर्णनाची पहिली ओळ पूर्ण वाक्य असावी, कारण शोधसूचीत तेवढीच दिसते. ‘चेकडॉक’ हे तपासणीचे साधन ईमॅक्समध्येच असते.

गैरसमज ५ : जितकी अक्षरे दिसतात, तितकीच संगणक मोजतो.
वस्तुस्थिती : ‘कोल्हापूर’ लिहून पाहा. वाचणाऱ्याला को, ल्हा, पू, र अशी चार अक्षरे दिसतात. ईमॅक्सचे ‘लेंग्थ’ फंक्शन मात्र नऊ सांगते, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार आणि हलन्त यांची चिन्हे वेगळी मोजली जातात. तक्त्याचे रकाने ‘लेंग्थ’वर जुळवले, तर मराठी मजकूर वेडावाकडा होतो. पडद्यावरची रुंदी हवी असेल, तर ‘स्ट्रिंग-विड्थ’ वापरावे. दृश्य अक्षरे सुटी करण्यासाठी २९ व्या आवृत्तीपासून ‘स्ट्रिंग-ग्लिफ-स्प्लिट’ आहे. ही चूक इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला सापडत नाही. ती आपणच पकडायला हवी.

पॅकेज प्रसिद्ध करण्यापूर्वी एवढे कराच : स्वतःच्या सगळ्या जुळण्या बाजूला ठेवून कोरा ईमॅक्स उघडा, त्यात फक्त आपले पॅकेज लोड करा आणि एखादा मराठी परिच्छेद त्याच्या हवाली करा. मग ती फाइल मित्राला वाचायला द्या. तुम्हाला न विचारता त्याला तिच्यात दुरुस्ती करता आली, तर तुमचे पॅकेज टिकेल.