खारपाणपट्ट्यातून समुद्राकडे

उन्हाळा लागला की अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. शाळेला सुट्ट्या असतात. मग वस्तीतली पोट्टी घरी न सांगता खदानीच्या, तलावाच्या नाहीतर महानच्या धरणाच्या वाटेला लागतात. संध्याकाळी ओले केस दिसले की आई आधी घाबरते, मग रागावते. तिचे चुकते असे कोण म्हणेल? दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. बार्शीटाकळी तालुक्यातील पिंजरच्या संत गाडगेबाबा शोध व बचाव पथकाला मग पाण्यात उतरावे लागते. आणि वर आणलेला पोरगा बहुधा मजुराच्याच घरचा असतो.

तरी पाण्याची ओढ काही जात नाही.

खेड्यात पोहणे शिकवण्याची रीत सोपी होती. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि काकाने वावरातल्या विहिरीत ढकलून द्यायचे. पण ज्यांच्या सावलीनेही विहीर बाटत होती, त्यांच्या लेकरांना कोणत्या विहिरीत ढकलणार होते? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्याचा हक्क हायकोर्टाने कायम करायला १९३७ साल उजाडले. पोहण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाते. आपल्या अनेक घरांत ती आलीच नाही, याचे एक कारण मला यात दिसते. नदीकाठच्या वस्त्यांची गोष्ट थोडी वेगळी.

आता उघड्या पाण्यात असे काय आहे, ते पाहू. जलतरण तलावात तळाला काळी रेघ असते, पंचवीस किंवा पन्नास मीटरवर भिंत येते आणि वळावे लागते. धरणात, समुद्रात भिंत नाही, रेघही नाही. आठ-दहा हात मारले की डोके वर काढून खूण पाहायची, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. कानात फक्त आपला श्वास. ना मालकाची हाक, ना गाडीचा भोंगा. पट्टीचे पोहणारे सांगतात की तासाभराने मन एकदम मोकळे होते. दिवसभर कारखान्यात उभे राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या ओढीला शरीराचे उणेपण आड येत नाही. मुंबईचे तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नव्हते. त्यांनी १९८३ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. आपल्या अमरावतीची कांचनमाला पांडे पूर्ण अंध. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिने २०० मीटर मेडलेचे सुवर्ण घेतले. तिच्या गटात सगळ्यांनाच काळा चष्मा लावावा लागतो, आणि भिंत जवळ आली की काठावरचा माणूस काठीने स्पर्श करून सांगतो. मुलीला पाण्यात कशाला पाठवायचे, असे विचारणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे.

इंग्लिश खाडी सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर. पाणी पंधरा ते अठरा अंश, आणि सोबतच्या बोटीला हात लागला की प्रयत्न बाद. मिहिर सेन यांनी ती १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये पार केली. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर २०१८ पर्यंत जगातल्या सातही कठीण खाड्या पुऱ्या केल्या; असे करणारे ते पहिले आशियाई.

एवढे दूर जायची गरज नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी स्पर्धा होतात. त्यात लहान मुलांसाठी छोटी अंतरे असतात, अपंगांनाही भाग घेता येतो. मुंबईत सनक्रॉक ते गेटवे हे पाच किलोमीटरचे अंतर जुन्या पोहणाऱ्यांना ठाऊक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे अंग जास्त तरंगते. विहिरीत शिकलेल्याला तिथे नवल वाटते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खाऱ्या पाण्याचे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. पण आपल्या विहिरीतले खारे पाणी नुसते सोसायचे, या पाण्यावर पाठ टेकता येते.

सुरुवात मात्र तलावातच करावी, शिकवणारा काठावर असताना. धरणात गाळ असतो, झाडोरा असतो, आणि वर कोमट लागणारे पाणी चार हात खाली थंडगार असते. एकट्याने कधीही उतरू नये. कोणी बुडताना दिसला तर पोहता येत नसताना उडी घेऊ नये. दोर, लुगडे, रिकामा डबा, हाताला लागेल ते फेकावे. मुलींच्या पोशाखाची अडचण सांगितली जाते, तर पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे पोशाखही मिळतात. पंचवीस मीटरच्या तलावात पाच किलोमीटर म्हणजे दोनशे वेळा भिंत गाठायची. पहिल्या महिन्यात चार झाल्या तरी पोराला घरी शाबासकी द्यावी.