अवजड रॉकेट आणि रावळगावचे वालचंद

२४ डिसेंबर २०२५ रोजी इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने सहा टनांहून जड अमेरिकी उपग्रह वर नेला आणि ‘आता खासगी कंपन्यांनीही अवजड रॉकेट बांधावे’ ही चर्चा पुन्हा रंगली. स्कायरूट आणि अग्निकुल या खासगी कंपन्यांचे कौतुक आहेच, पण त्यांची आजची रॉकेटे छोट्या उपग्रहांसाठी आहेत. अवजड रॉकेटसाठी न्यूस्पेस इंडिया या अवकाश विभागाच्या सरकारी कंपनीने २०२४ मध्ये वेगळी वाट धरली. एलव्हीएम-३ चे उत्पादनच खासगी भागीदाराकडे द्यायचे. मला हीच वाट योग्य वाटते. त्याचे कारण पाहायला श्रीहरिकोट्याला जायला नको, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला जावे.

या रॉकेटच्या दोन्ही अंगांना जे जाडजूड बूस्टर दिसतात, त्यांच्या पोलादी कवचांचे भाग तिथे घडतात. व्यास ३.२ मीटर. प्रत्येकात दोनशे टनांवर घन इंधन, आणि ते जेमतेम सव्वादोन मिनिटांत जळून जाते. पोलाद मॅरेजिंग जातीचे, १८ टक्के निकेल असलेले. ते आधी मऊ असतानाच वळवून वेल्ड करायचे आणि मग सुमारे ४८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तासन्‌तास मुरवायचे. खरी ताकद तिथे येते. जोडात केसाएवढी भेग राहिली तरी रॉकेट गेले. असा वेल्डर घडायला वर्षे लागतात, आणि हाताला काम नसेल तर तो दुसरीकडे निघून जातो.

वालचंदनगर ज्यांच्या नावाचे, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. नाशिक जिल्ह्याला ते माहीत आहेत मालेगावजवळच्या रावळगावमुळे, तिथल्या त्यांच्या कारखान्याच्या गोळ्यांमुळे. याच माणसाने १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही खासगी कंपनी काढली. विमान बांधण्याचा अनुभव नव्हता, पण सरकारची मागणी हाती होती. वर्षभराच्या आत पहिले विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. १९६४ मध्ये तिचे आणि मिग विमानांसाठी काढलेल्या सरकारी कंपनीचे विलीनीकरण झाले. तीच आपली नाशिकजवळच्या ओझरची एचएएल.

स्पेसएक्सची कथाही वेगळी नाही. २००८ च्या डिसेंबरात नासाने बारा फेऱ्यांचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले, तेव्हा ती कंपनी तगली. एवढे पाठबळ असूनही २०१३ मध्ये उडवू म्हटलेले तिचे फाल्कन हेवी उडाले २०१८ मध्ये. अवजड रॉकेटला भांडवल लागते, त्याहून जास्त लागते ती खात्रीची मागणी आणि दम.

म्हणून न्यूस्पेस इंडियाने भागीदार निवडताना किमान दहा वर्षांची मागणी लेखी द्यावी. आणि ओझरला सुटे भाग पुरवणाऱ्या नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी हे म्हणणे आपल्या संघटनांमार्फत आत्ताच दिल्लीच्या कानावर घालावे.