गार कॉफी आणि राहून गेलेल्या गप्पा

मे महिना लागला की आमच्या घरी दोन गोष्टींची आवक एकदमच वाढते. एक आंब्यांची आणि दुसरी पाहुण्यांची. आंब्यांचं एक बरं असतं. पेटी उघडून गवतात हात घातला की आज खायचे किती आणि अढीत ठेवायचे किती, हे कळतं. पाहुण्यांचं तसं नाही. कोणी लग्नाची पत्रिका द्यायला येतं, कोणी सुटीतल्या मुलांना घेऊन 'सहज' म्हणून येतं, तर कोणी गावात भलत्याच कामासाठी आलेलं असतं आणि 'आता इथवर आलोच आहोत तर' असं म्हणत जिना चढतं. तेही भर दुपारी तीन वाजता, घामाने निथळत! अशा वेळी 'चहा टाकू का?' हा प्रश्न विचारणाऱ्यालाही नकोसा वाटतो आणि ऐकणाऱ्यालाही. मग घरातलंच एखादं पोर म्हणतं, 'कोल्ड कॉफी कर ना!'

आणि घरातली बाई उठून आत जाते.

गोष्ट १९९१ सालच्या मे महिन्यातली. आईची शाळेतली मैत्रीण इंदूरहून आली होती. बारा-तेरा वर्षांनी दोघी भेटत होत्या. आमच्याकडे तेव्हा नुकताच मिक्सर आला होता आणि आईला त्यात कोल्ड कॉफी करून घालायची कोण हौस! माणसं आठ आणि मिक्सरचं भांडं जेमतेम दोन पेल्यांचं. म्हणजे घाणे चार. त्यात बर्फाचा ट्रे फ्रीजरला चिकटून बसलेला, साखर थंड दुधात विरघळायला तयार नाही, आणि तिसऱ्या घाण्याला वीज गेली. मावशी दोनदा स्वयंपाकघरात डोकावल्या. 'अगं, ये ना बाहेर, बस जरा.' 'आलेच गं!' असं आई दोन्ही वेळा म्हणाली. शेवटी ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा मावशींच्या यजमानांनी घड्याळाकडे बघितलं. गाडीची वेळ झाली होती. कॉफी सगळ्यांनी जवळजवळ उभ्यानेच घेतली. 'फार छान झालीय हो,' असंही म्हणाले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मावशी गेल्याचं पत्र आलं. आईने ते वाचलं, घडी करून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, 'बोलणं राहूनच गेलं.'

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दरवर्षी उन्हाळा आला की ते आठवतं, आणि मग वाटतं, त्या दुपारी आईने पन्हं केलं असतं तर?

पन्ह्याची युक्ती

पन्ह्याचा मोठेपणा काय आहे, हे कधी नीट पाहिलंत का? कैऱ्या उकडणं, गर काढणं, त्यात गूळ-वेलदोडा घालणं ही सगळी मेहनत आदल्या दिवशी झालेली असते. पाहुणे आले की बरणीतला गर चार चमचे आणि वर गार पाणी. कोकम सरबताचं तेच, आवळ्याचंही तेच. आपल्या आज्या-पणज्यांनी उन्हाळ्यातलं प्रत्येक पेय असंच बसवलं होतं. कष्टाचा भाग आधी आणि माणसं आल्यावर फक्त कालवायचं.

कॉफी आपल्याकडे पाहुण्यांची म्हणूनच आली. रोजचा चहा आणि खाशा पाहुण्यांना कॉफी, अशी कितीतरी घरांत पद्धत होती. लग्नघरातली जायफळ घातलेली कॉफी तर आजही अनेकांच्या नाकात बसलेली असेल. पण ती सगळी कॉफी गरम. थंड कॉफी घरात आली ती हॉटेलातून आणि मिक्सरबरोबर, त्यामुळे ती समोर माणूस बसल्यावरच करायची अशी समजूत झाली. हॉटेलात ते ठीक आहे, तिथे करणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. घरात मात्र ही दोन्ही कामं एकाच बाईच्या वाट्याला येतात.

तेव्हा युक्ती एवढीच, की कॉफीचाही पन्ह्यासारखा 'गर' करून ठेवायचा.

आदल्या रात्रीचं काम

दहा-बारा जणांसाठी सव्वाशे ग्रॅम कॉफी पावडर आणि एक लिटर पाणी. पावडर दळून देणाऱ्या दुकानातून घ्या. मुंबईत माटुंग्याला अशी दुकानं आहेत, आणि आता बऱ्याच शहरांत मिळते. दुकानदाराला दोन गोष्टी सांगा. दळण रव्यासारखं जाडसर हवं आणि चिकोरी नको, किंवा अगदी थोडी. गरम दुधाच्या कॉफीत चिकोरीने दाटपणा येतो, पण गार कॉफीत तिचा कडवटपणा पुढे येतो.

रात्री झोपण्यापूर्वी स्टीलच्या डब्यात पावडर घ्या, त्यावर पिण्याचं साधं पाणी ओता, एकदा ढवळा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवून द्या. उकळायचं नाही, गरम करायचं नाही. चौदा-पंधरा तासांनी आधी गाळण्यातून आणि मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू मात्र नका, नाहीतर बारीक गाळ खाली उतरतो आणि चव तुरट होते. पाऊण लिटरच्या आसपास काळाभोर अर्क मिळेल. थंड पाण्यात कॉफीतले आंबट आणि कडू अंश कमी उतरतात, म्हणून हा अर्क चवीला सौम्य असतो. फ्रिजमध्ये तो तीन-चार दिवस राहतो.

ज्यांच्याकडे पितळी किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर आहे, त्यांनी नेहमीसारखा काढा पाडून तो निववून ठेवला तरी चालेल. आणि घरात फक्त इन्स्टंट कॉफी असेल तर तिलाही नाक मुरडायचं कारण नाही. माणशी दीड चमचा पावडर थोड्या गरम पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवावी.

दुसरी बाटली पाकाची. साखर थंडीत लवकर विरघळत नाही, आणि गार पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून आपण साखर ओततच राहतो आणि शेवटी ती पेल्याच्या तळाशी सापडते. त्यापेक्षा जितकी साखर तितकंच पाणी घ्या, साखर विरघळेपर्यंत गरम करा आणि उतरवा. तार येऊ द्यायची नाही. पाक वेगळा ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की मधुमेह असलेल्या काकांना सगळ्यांसमोर 'मला नको' म्हणत बसावं लागत नाही. ते आपल्या पेल्यात पाक घालत नाहीत, एवढंच.

बर्फाचं गणित

गार कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा बर्फाने. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे ८० अंशांचा पेलाभर गरम काढा बर्फावर ओतून शून्य अंशापर्यंत आणायचा, तर जवळजवळ पेलाभरच बर्फाचं पाणी होतं! कॉफी निम्म्याने पातळ झाल्यावर तिला चव कुठून येणार? म्हणून काढा आधी निववायचा, मग फ्रिजमध्ये गार करायचा आणि बर्फाला शेवटचंच काम ठेवायचं.

त्याहून सोपा उपाय म्हणजे बर्फच कॉफीचा करायचा. थोड्या अर्कात तितकंच पाणी घालून तो ट्रेमध्ये गोठवा. हे खडे वितळले तरी कॉफी पाणचट होत नाही. ट्रे झाकून ठेवा, कारण बर्फाला शेजारच्या बोंबलांचा वास फार लवकर लागतो. बर्फ बाहेरून आणायची वेळ आलीच तर तो खाण्याचाच आहे ना, हे विचारून घ्या. २०१८ साली महाराष्ट्रात, खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला तो याच गोंधळामुळे.

पाहुणे आल्यावर

आता पेल्यात कॉफीचे तीन-चार खडे, पाव पेला अर्क, चवीप्रमाणे दोन-तीन चमचे पाक आणि वर सायीसकट गार दूध. ढवळलं की झालं. दोन मिनिटांत आठ पेले. फेस हवाच असेल तर मिक्सरचीही गरज नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत अर्क, पाक आणि थोडं दूध घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. वीज गेली तरी अडत नाही, आणि हे काम मुलं भांडून अंगावर घेतात.

ग्रीसमधली फ्रापे कॉफी अशीच जन्माला आली. १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापारी जत्रेत दिमित्रिस वाकोंदिओस या नेसले कंपनीच्या माणसाला कॉफी प्यायची होती आणि गरम पाणी मिळेना. त्याने इन्स्टंट कॉफी गार पाण्यात घालून डब्यात हलवली. पुढे तेच त्या देशाचं उन्हाळी पेय झालं. व्हिएतनाममध्ये दूध-साखरेऐवजी कंडेन्स्ड मिल्क वापरतात आणि काळा काढा त्यावर पाडून बर्फात ओततात. घरात डबा असेल तर जरूर करून पाहावी. २०२० च्या टाळेबंदीत 'दालगोना'च्या नावाने जगभर गाजलेली कॉफी मात्र आपल्या ओळखीचीच निघाली. कॉफी-साखरेत थोडं पाणी घालून ती पांढुरकी होईपर्यंत फेटणं, हा उद्योग आपल्याकडच्या हॉस्टेलांमधून फार जुना आहे.

आणि खास आपली हवी असेल तर जायफळाची. त्यासाठी एक लिटर दुधात पाव चमचा जायफळ आणि दोन-तीन वेलदोड्यांची पूड घालून एक उकळी आणायची आणि दूध गार करून ठेवायचं. जायफळ थंड दुधात वरून घातलं तर नुसतं तरंगतं, त्याचा स्वाद उकळीतच उतरतो. असं दूध आणि रात्रीचा अर्क एकत्र झाला की लग्नघराची आठवण थेट पेल्यात येते.

दोन सूचना. दूध घातलेली कॉफी त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात ती ओट्यावर राहू देऊ नका. आणि हा अर्क चवीला सौम्य असला तरी पोटात जायला कडकच असतो. संध्याकाळी वडीलधाऱ्यांना देताना अर्क निम्मा घाला. लहान मुलांसाठी त्याच थंड दुधात कोको आणि पाक, त्यांनाही 'मोठ्यांची' कॉफी मिळाल्यासारखं वाटतं.

ट्रे बाहेरच

आमच्याकडे आता सगळी सामग्री बाहेरच मांडलेली असते. अर्काची बाटली, पाकाची बाटली, दुधाचा जग, खड्यांचा डबा, पेले. ज्याने त्याने आपापली करून घ्यायची. सुरुवातीला आईला हे अगदी पसंत नव्हतं. 'पाहुण्यांना कामाला लावायचं म्हणजे काय!' पण होतं असं, की पाहुण्यांना यातच मजा येते. एकाची कडक होते, दुसऱ्याची पांचट होते, आणि त्यावरूनच गप्पांना तोंड फुटतं.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या मे महिन्यात तिच्या शाळेच्या वर्गातल्या तिघीजणी घरी आल्या. मला वाटलं, सवयीने उठेल. एकदा तिने खुर्चीच्या हातावर हात टेकलाही, पण समोर पेले मांडलेले बघून पुन्हा मागे टेकून बसली. इंदूरच्या मावशींचा विषय निघाला, वर्गातल्या खोड्या निघाल्या, एका मास्तरांची नक्कलही झाली. अडीच तास झाले तरी कोणी घड्याळाकडे बघेना. मध्येच एकीने दुसरा पेला भरता भरता विचारलं, 'अगं, ही कशी गं केलीस?'

'ते हिला विचार,' आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'मला मध्ये तोडू नकोस. हां, तर काय सांगत होते मी...'