दगडातून तेल कसे येते?

मित्रांनो, एस.टी.चे डिझेल, मोटारसायकलचे पेट्रोल आणि आपल्या शेगडीचा गॅस हे सगळे जमिनीच्या पोटातून येते. पुष्कळांना वाटते की खाली तेलाचे तळे असेल. पण तसे नसते. माठाच्या अंगात पाणी मुरते ना, तसे तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असते.

आमच्या बाईंनी सांगितले की तेल साठायला चार गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट गाळ. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि वनस्पती मरून तळाला बसतात. त्यावर चिखल साठतो. चिखलात हवा जात नाही, म्हणून ते पूर्ण कुजत नाहीत.

दुसरी गोष्ट ऊब. थरावर थर चढतात आणि खालचा गाळ खोल जातो. खोल गेले की उष्णता वाढते. साधारण ६० ते १२० अंशांत गाळातल्या जीवांचे तेल होते. त्याहून जास्त तापले तर गॅस होतो. याला लाखो-कोटी वर्षे लागतात.

तिसरी गोष्ट छिद्रांचा दगड. वाळूचा दगड किंवा चुनखडी. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते छिद्रांतून वर वर सरकते.

चौथी गोष्ट झाकण. वर चिकणमातीचा घट्ट थर पाहिजे आणि खालचा दगड घुमटासारखा उंच पाहिजे. नाहीतर तेल निसटून जाते. घरी करून बघा. पेला पालथा करून बादलीत दाबा. हवा आत अडकते. पेला तिरका केला की बुडबुडा पळालाच!

आता आपल्या महाराष्ट्राजवळचे उदाहरण सांगते. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' आहे. फार पूर्वी भारत मादागास्करला चिकटलेला होता. तो सुटला आणि उत्तरेकडे सरकू लागला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस बाहेर आला. तो थंड होऊन आपला काळा दगड झाला. पश्चिमेची कड तडकून काही भाग खाली खचले, काही उंचच राहिले. खचलेल्या भागात चिखल साठला व त्याचे पुढे तेल झाले. उंच भागावर समुद्रातल्या जीवांच्या कवचांची चुनखडी झाली. तिच्यावर चिकणमातीचे झाकण बसले. खड्ड्यातले तेल सरकत सरकत उंचवट्यावर आले आणि तिथेच अडकले. १९७४ साली 'सागर सम्राट'ने समुद्राचा तळ खोदून ते शोधले. १९७६ पासून तेथून तेल काढतात.

यंदा शेजारच्या तात्यांच्या मळ्यात बोअर मारला. ३०० फूट गेला तरी नुसती भुकटी उडत होती. कोणीतरी म्हणाले, "आणखी खाली जा, पाणी नाही तर तेल तरी लागंल!" सगळे हसले. तात्या हसले नाहीत, कारण फुटाफुटाला पैसे जात होते. मी त्यांना सांगितले, आपला काळा दगड तप्त रसाचा आहे, त्यात जीवांचा गाळ नाही, मग बोअरला तेल कुठून लागणार? तात्या म्हणाले, "तेलाचं कोन बघतंय पोरी, मला पानी पायजे."

मला ते खरे वाटले. पाणीसुद्धा दगडाच्या भेगांतच राहते. पण एका पावसाळ्यात अडवले आणि मुरवले तर ते पुन्हा भरते. तेल काढले की पुन्हा भरायला कोटी वर्षे लागतील. तेवढे कोण थांबणार? म्हणून मित्रांनो, तेल जपून वापरा आणि येत्या पावसाळ्यात आपापल्या बांधाला पाणी अडवा.

— इयत्ता ४ थी