हिरोशिमाची शाळकरी मुले

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी जपानमधील हिरोशिमा शहरात हजारो शाळकरी मुले रस्त्यावर काम करीत होती. शत्रूच्या विमानांनी आगी लावल्या तर त्या पसरू नयेत, म्हणून घरे पाडून मोकळ्या पट्ट्या केल्या जात होत्या. बारा-तेरा वर्षांची मुले कौले व लाकडे उचलीत होती.

सव्वाआठ वाजता अमेरिकन विमानाने टाकलेला अणुबॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्याच्या खाली जमिनीवरील उष्णता ३,००० अंशांपुढे गेली. उघड्यावरील त्या मुलांपैकी सुमारे सहा हजार मरण पावली. आग एकाच वेळी चहूकडे लागली; मोकळ्या पट्ट्यांचा काही उपयोग झाला नाही. इस्पितळे कोसळली. बहुतेक डॉक्टर व परिचारिका स्वतःच मृत वा जखमी झाल्या. मग जखमींना पाहणार कोण? वर्षअखेरपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली.

किरणोत्सर्गाचे विष पुढेही राहिले. सदाको सासाकी त्या दिवशी दोन वर्षांची होती, ती वाचली. पण १९५५ साली, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तिचा अंत झाला.

वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. अण्वस्त्रे नष्ट व्हावीत, हीच तिची मागणी आहे.

पालकहो, मुलांकडून इतिहासातील ही तारीख पाठ करून घेताना एवढे अवश्य सांगा: शहर वाचविण्यासाठी राबणारी ती मुले त्यांच्याच वयाची होती.