बाकाच्या मधला पट

पुण्यातल्या एका बागेत दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आम्ही तिघं वही घेऊन बसत होतो. लांब बाकावर पहिला माणूस एका टोकाला बसतो, दुसरा दुसऱ्या टोकाला. मध्ये पिशवी, पाण्याची बाटली, नाहीतर नुसतीच दोन हात जागा. तिसरा येतो, ती जागा बघतो आणि पुढे निघून जातो. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलावंसं वाटेल अशी वस्तू बागेसाठी बनवायची, हे काम आम्ही अंगावर घेतलं होतं.

पहिला प्रयत्न पाटीचा. ‘कुणी थांबून नमस्कार केलेला चालत असेल तर इथे बसा’, अशा अर्थाच्या पाट्या इंग्लंडमध्ये काही बाकांवर आहेत. आम्हीही तशी लावली. चार दिवस बाक रिकामा. पाचव्या दिवशी फिरायला येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “तिथं बसलं की लोक म्हणतील, हिच्याशी घरात कुणी बोलत नाही.” त्याच संध्याकाळी पाटी काढली. एकटेपणाची जाहीर कबुली द्यायला लावणारी वस्तू कितीही सुबक असली तरी चुकीचीच.

विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या जागांचं चित्रीकरण करून 1980 साली त्यावर पुस्तक लिहिलं. दोन अनोळखी माणसांना बोलायला दोघांच्या बाहेरचं काहीतरी लागतं, हे त्यांनी त्यात दाखवलं: एखादा वादक, एखादं शिल्प. ते वाचताना मला नवकंकरीचा खेळ आठवला. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेघा, 24 ठिकाणं, प्रत्येकाचे 9 खडे. आपले तीन खडे एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. जुन्या देवळांच्या दगडांवर हा पट कोरलेला सापडतो.

प्लायवूडची फळी बाकाच्या मधोमध बसवली आणि तिच्यावर पट रंगवला. लाकडी सोंगट्या डबीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डबीसकट गेल्या. मी हिरमुसलो. पण संध्याकाळी पाहतो तर एक आजोबा झाडाखालचे पांढरे खडे वेचत होते आणि डिलिव्हरीची बॅग पाठीला लावलेला एक मुलगा विटेचे तुकडे. दोघांत अजून एकही शब्द झालेला नव्हता. मग मुलगा म्हणाला, “काका, माझा एक कमी पडतोय.” आजोबांनी पायाजवळचा तुकडा उचलून दिला. इतके दिवस आम्ही ज्या पहिल्या वाक्याची वाट पाहत होतो, ते हेच. सोंगट्या डबीत असत्या तर ते बोललं जायचं कारणच नव्हतं.

खेळणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त बोलतात, हेही तिथेच कळलं. मागे उभ्या असलेल्याला चूक दिसते आणि त्याला गप्प राहवत नाही. “अहो, तो कोपऱ्यातला हलवा!” म्हणून मागची वाट आम्ही रुंद करून घेतली, आणि उभ्याने टेकायला एक आडवा दांडा लावला.

बायकांचं वेगळं होतं. अनोळखी पुरुषाशेजारी बसायला त्या धजत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मध्ये फळी आल्यावर काहीजणी टेकू लागल्या, कारण आता त्या जागेवर पट होता, तिथे कुणी सरकू शकत नव्हतं. फळीची रुंदी आम्ही त्यांना विचारून ठरवली. सुरुवातीला ती एक फूट होती, शेवटी पावणेदोन झाली. डाव अर्धा टाकून उठून जाता येतं, कुणाला काही सांगावं लागत नाही. मला हे बोलण्याइतकंच मोलाचं वाटतं.

पहिल्या पावसात प्लायवूड फुगलं. आता पट कडप्प्यात कोरून घेतला आहे. सोंगट्या ठेवलेल्या नाहीत. खडे बागेतच मिळतात.